घोडीच्या अहवालातल्या तीन ओळी

१

अहवाल बुधवारी सव्वादहाला आला आणि साडेदहाच्या आत घोड्यांच्या डॉक्टरीणबाईंची दहा वर्षांची नोकरी टांगणीला लागली. शर्यत मंडळाचे चिटणीस या दोन्ही वेळा छातीठोक सांगू शकत होते, कारण लखोट्यावर आवक-शिक्का त्यांनीच मारला होता आणि घड्याळ पाहिल्याशिवाय शिक्का मारणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं.

रविवारच्या मोठ्या शर्यतीत जी काळी घोडी सगळ्यांना मागे टाकून पहिली आली, तिच्या लघवीत माणसांना देतात ते एक वेदनाशामक औषध सापडलं होतं. पानाच्या तळाला तांबड्या शाईत एकच शब्द होता : पॉझिटिव्ह.

घोडीचं कागदोपत्री नाव भारदस्त होतं, पण तबेल्यात तिला सगळे ‘सासूबाई’ म्हणत. समोर मांडलेलं तिला कधी पसंत पडत नसे. गव्हाणीतला निवडक चारा ती नाकाने बाजूला सारायची आणि पायाखाली अंथरलेला पेंढा मात्र मिटक्या मारत खायची. वर मान उंच करून अशी बघायची, की वाढणाऱ्यालाच आपलं चुकलं असं वाटावं.

“मी सांगत होतो की नाही?” ट्रेनर दार न वाजवताच आत आले. एकेकाळी ते स्वतः जॉकी होते. तेव्हा वाचवलेलं सगळं वजन त्यांनी पुढे आवाजात वसूल केलं होतं. “औषधाच्या कपाटाची किल्ली एकाच बाईकडे असते. त्यात याच औषधाच्या सहा कुप्या होत्या. आज मोजल्या. पाच!”

डॉक्टरीणबाई मागोमाग आल्या. बाई कमी बोलायच्या आणि स्वच्छ अक्षरात नोंदी ठेवायच्या, त्यामुळे चिटणिसांच्या मर्जीत होत्या.

“एक फुटली,” त्या म्हणाल्या.

“कधी?”

“शुक्रवारी. हातातून निसटली.”

“कुणी पाहिलं?”

“कुपीने पाहिलं असेल.”

चिटणिसांनी वही उघडली. शुक्रवारच्या पानावर कुपी फुटल्याची नोंद नव्हती. दहा वर्षांत या बाईंची राहिलेली ही पहिली नोंद, आणि राहावी तर नेमकी हीच.

“मागच्या महिन्यात माझा लंगडा घोडा हिने पळू दिला नाही,” ट्रेनर म्हणाले. “तेव्हा नियम दाखवत होती. आता आम्हीही नियम दाखवू.”

शनिवारी अकराला समितीची बैठक ठरली. विषय एकच : डॉक्टरांचा परवाना रद्द करणे. तोवर कसून चौकशी करायची होती आणि ती चिटणिसांच्या गळ्यात पडली. त्यांना घोड्यांतलं कळत नव्हतं, औषधांतलं त्याहून कमी. पण कुणाला कशातलं कळतं हे त्यांना पक्कं ठाऊक असे. त्यांनी आत्याला फोन लावला. जनावरांच्या डॉक्टरांना औषधशास्त्र शिकवण्यात तिची एकतीस वर्षं गेली होती.

“नाव सांग त्या मुलीचं,” आत्या म्हणाली.

त्यांनी सांगितलं.

“चांगलीच ओळखते. तिला मी दोनदा नापास केलंय.”

२

आत्या गुरुवारी सकाळी आली. बहात्तर वर्षांची, काडीसारखी, खांद्याला पिशवी. कार्यालयाचा जिना ती एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत चढली.

“बाब्या, चहा नंतर. आधी खुर्ची दे. हातांची दे, उठताना टेकायला लागतं.”

पन्नाशी उलटलेल्या आणि स्वतंत्र केबिन असलेल्या माणसाला शिपायासमोर कुणी बाब्या म्हणू नये, असा नियम चिटणिसांनी केव्हाच केला असता. पण आत्याला नियम कोण लावणार?

तिने अहवाल मागितला. ट्रेनरनी तो पाहिला होता, समितीच्या अध्यक्षांनी पाहिला होता, खुद्द चिटणिसांनी चारदा पाहिला होता. सगळ्यांनी तांबडा शब्द वाचला होता. आत्याने त्यावर अंगठा ठेवला आणि वरच्या बारीक अक्षरांच्या तीन ओळी वाचल्या. मग चष्मा पुसला. मग पुन्हा वाचल्या.

तिचा चेहरा हळूहळू उजळत गेला. बाजारात सहज हिंडताना एखाद्याला जुना मित्र भेटावा तसा.

“काय आहे?” चिटणिसांना राहवेना.

“या तीन ओळी कुणी वाचल्या?”

“त्या... तांत्रिक आहेत.”

“हो का! बाब्या, ज्याने ही तपासणी केली त्या माणसाला माझा नमस्कार कळव. त्याला कुणी विचारलं नाही म्हणून त्याने सांगितलं नाही, पण लिहून मात्र सगळं ठेवलंय.” तिने अहवाल टेबलावर ठेवला. “हे औषध तुमच्या घोडीला कुणी टोचलेलं नाही. कुणी चारलेलंही नाही.”

“मग तिच्या लघवीत आलं कसं?”

“तेच तर मजेचं आहे,” आत्या म्हणाली. “आता चहा सांग.”

३

चहा येईपर्यंत चिटणिसांनी तीन वेळा घड्याळ पाहिलं.

“तुझ्या भाषेत सांगते,” आत्या म्हणाली. “तुमच्या कार्यालयात आलेला कागद तसाच बाहेर जातो का?”

“छे! शिक्का मारल्याशिवाय नाही.”

“यकृत म्हणजे शरीराचं आवक-जावक खातं. औषध आत आलं की त्यावर शिक्का मारायचा, रूप पालटायचं आणि मूत्रपिंडाच्या दाराने बाहेर काढायचं. रात्रंदिवस, विनातक्रार, सुट्टी न मागता. एकतीस वर्षं शिकवलं, अजून मला त्याचं कौतुक सरत नाही. आणि गंमत बघ, प्रत्येक जातीच्या कार्यालयाचे शिक्के वेगळे. मांजराकडे एक शिक्का जवळजवळ नाहीच. म्हणून आपण ताप आला की गिळतो ती साधी पॅरासिटामॉलची गोळी मांजराला पडली तर त्याच्या जिवावर बेतते. गाईकडे तर यकृताच्या आधी पोटातच भला मोठा रांजण, तिथे निम्मी औषधं परस्पर आंबून जातात.”

“आणि घोडा?”

तिने अहवाल त्यांच्याकडे वळवला. “वाच.”

चिटणिसांनी वाचलं. मूळ औषध : जेमतेम. पहिलं रूप : भरपूर. दुसरं रूप : आढळले नाही.

“हे औषध घोड्याच्या अंगात गेलं की त्याचं यकृत ढिगाने दुसरं रूप बनवतं. माझी सात वर्षं याच कामात गेलीत, डझनभर घोड्यांच्या मागे बाटली घेऊन हिंडलेय मी. त्या मुलीने घोडीला कुपी टोचली असती तर ही तिसरी ओळ सगळ्यांत मोठी असती. इथे ती कोरी आहे. म्हणजे मूळ औषध घोडीच्या कार्यालयात जवळजवळ आलंच नाही. आलं ते दुसऱ्याच कुठल्या कार्यालयाचा शिक्का मारून झालेलं, आणि तिने ते नुसतं पुढे पाठवलं.”

“दुसरं कार्यालय म्हणजे?”

“पहिलं रूप असं भरभरून कोण बनवतं, माहितीये?” आत्याने कप खाली ठेवला. “माणूस.”

चिटणिसांना आधी समजलं नाही. मग समजलं, आणि त्यांनी स्वतःचा कप जरा लांब सरकवला.

“शोधायचं काय, तर हे औषध घेणारा माणूस. डॉक्टरीण नव्हे, पेशंट.”

वीस मिनिटांत त्यांना माग लागला. घोडीच्या जॉकीच्या कपाटात. त्याच औषधाच्या गोळ्यांचा डबा, अर्ध्याहून अधिक रिकामा.

४

जॉकी हा तिशीतला, मूठभर वजनाचा आणि पोतंभर गप्पांचा माणूस. दोन महिन्यांपूर्वी त्याच्या गळ्याजवळचं हाड मोडलं होतं.

“तेव्हाच्या गोळ्या आहेत, मावशी,” तो आत्याला म्हणाला. “सहा आठवडे झाले बंद करून. त्या घेतल्या की मला घोड्याला दोन डोकी दिसायची. एकावर बसायचं अवघड, तिथे दोन!”

“डब्यात साठ होत्या. तू किती घेतल्यास?”

“दहा-बारा.”

“उरल्यात वीस. मधल्या अठ्ठावीस?”

जॉकीच्या गप्पांचं पोतं एकदम रिकामं झालं. “टाकल्या,” तो म्हणाला. म्हणताना त्याची नजर खिडकीबाहेर तबेल्याकडे गेली आणि चटका बसल्यासारखी परत आली.

“बरं,” आत्या म्हणाली. पुढे काही विचारलं नाही.

बाहेर आल्यावर चिटणीस तिच्या मागे लागले. “अगं, तो खोटं बोलतोय!”

“बोलू दे. स्वतःसाठी खोटं बोलणारा माणूस समोरच्याच्या तोंडाकडे बघतो. हा दुसऱ्यासाठी बोलला. चल, तुमच्या सासूबाई दाखव.”

तबेला लांबलचक होता. वीस ठाणं एका ओळीत, मधोमध फरसबंद वाट, आणि या सगळ्याच्या पार दुसऱ्या टोकाला, पंपाच्या खोलीमागे, नोकरांचा संडास. आत्या पावलं मोजत चालली. घोडी शेवटच्या ठाणात होती. गव्हाणी काठोकाठ भरलेली, आणि सासूबाई खाली मान घालून कोपऱ्यातला पेंढा उपसून खात होत्या.

दारात मोतद्दार खरारा साफ करत बसला होता. त्याला सगळे तात्या म्हणत. एकोणसाठ वर्षांचा माणूस, घोडी शिंगरू असल्यापासून तिच्याजवळ. शर्यतीनंतर नमुना घ्यायची वेळ आली की इतर घोड्यांपुढे लोक तासतास ताटकळत. तात्या मात्र बाटली धरून एक बारीक शीळ घालायचा आणि घोडी त्याचा शब्द राखायची.

“बाकीचे मोतद्दार उकिडवे बसलेत,” आत्या चिटणिसांच्या कानाशी म्हणाली. “हा एकटा खोक्यावर बसलाय.”

“असेल सवय.”

“मलाही तीच सवय आहे.”

मग तिने राखणीची वही मागितली. ही वही म्हणजे चिटणिसांचा जीव की प्राण. तीन वर्षांपूर्वी बाहेरच्या कुणी घोड्यांना काही चारू नये म्हणून त्यांनी स्वतः बसून नियम क्रमांक चौदा लिहिला होता : शर्यतीआधी चोवीस तास मोतद्दाराने घोड्याचे ठाण क्षणभरही सोडायचे नाही; दर तासाला सही करायची; सोडल्यास कामावरून कमी.

“बघ,” ते अभिमानाने म्हणाले. “शनिवारी चारपासून रविवारी चारपर्यंत. चोवीस सह्या. एकही चुकली नाही. तात्यासारखा माणूस नाही.”

आत्याने पान पाहिलं. बाजूच्या ठाणांची पानंही पाहिली. तिथे पोरसवदा मोतद्दारांनी दोन-दोन सह्या एकदम ठोकलेल्या होत्या, शाई एकसारखी, लबाडी उघडी. तात्याच्या सह्या मात्र एकेक, सावकाश, खऱ्या.

“चोवीस तास,” ती म्हणाली. “जेवण इथेच?”

“डबा येतो.”

“पाणी?”

“तेही येतं.”

“म्हणजे आवकेची सोय आहे.” तिने वही मिटली. “बाब्या, हा नियम करणाऱ्या शहाण्याने जावकेचा विचार केला होता का?”

५

चिटणीस तिथेच उभे राहिले. आत्या मात्र दुसरं खोकं ओढून तात्यासमोर बसली.

“कुठला गुडघा?” तिने विचारलं.

तात्याचा हात थांबला. “कुणाचा?”

“माझा डावा. पाऊल टाकलं की आत कुणीतरी किल्ली फिरवतंय असं वाटतं.”

तात्याने आजूबाजूला पाहिलं. चिटणिसांकडे पाहिलं. मग खाली. “उजवा,” तो म्हणाला. “ताई, ट्रेनरसाहेबांना नका सांगू. गेल्या साली शेजारच्या ठाणाचा बाबू लंगडायला लागला, महिनाभरात नारळ दिला त्याला. मी गेलो तर ही कुणाच्या हातचं खाणार? आताच खात नाही धड.”

“जॉकीने गोळ्या दिल्या?”

“त्याचा दोष नाही. मी मागितल्या. सकाळी एक, रात्री एक. राखणीच्या दिवशी दोन-दोन, उभं राहावं लागतं म्हणून.”

“आणि लघवीला? आपल्या वयाला सारखं जावं लागतं.”

तात्याचे कान लाल झाले. बाईमाणसाशी हे बोलायचं म्हणजे! पण समोरची बाई हवापाण्याचं विचारावं तशी विचारत होती.

“तो संडास तिकडे टोकाला,” तो हळूच म्हणाला. “या पायाने जाऊन यायला दहा मिनिटं. ठाण सोडलं तर नोकरी जाते, साहेबांचा नियम आहे. म्हणून मग... ठाणातच. कोपऱ्यात. पेंढ्यात.”

“बादलीत का नाही?”

तात्याने असं पाहिलं, जणू तिने त्याच्या देवाला शिवी दिली. “तिच्या बादलीत? ताई, त्यात ती पाणी पिते! दुसरी चाऱ्याची. तिच्या भांड्यांना मी कसा विटाळ करीन? पेंढ्याचं काय, तीही त्यातच करते. सकाळी सगळा काढून नवा घालतोच मी.”

“पण सकाळच्या आधी ती तो खाते.”

“खाते तर! पण त्यात काय? घाण जराशी...” तो बोलता बोलता अडला. “गोळी तर मी खाल्ली होती. ती माझ्या अंगी लागली, संपली. उरलं काय त्यात?”

आत्याने मान हलवली. रागाने नव्हे. पहिल्या बाकावरच्या विद्यार्थ्याने अगदी योग्य चूक केली की शिक्षकाला वाटतं तसं काहीसं तिला वाटलं असावं.

“औषध संपत नाही, तात्या. ते कपडे बदलतं आणि निघून जातं. तुमच्यातून निघालं ते पेंढ्यात गेलं, पेंढ्यातून हिच्या पोटात, आणि हिच्यातून तुमच्याच शिळेवर बाटलीत. तुमच्याइतक्या प्रामाणिकपणे कुणी पुरावा हातात दिला नसेल.”

तात्याच्या हातून खरारा खाली पडला. “म्हणजे डॉक्टरबाईंवर आळ आला तो... माझ्यामुळे?”

तो उठला. उजव्या पायाने साथ दिली नाही, तेव्हा त्याने घोडीच्या मानेला धरलं. कुणालाही जवळ येऊ न देणाऱ्या सासूबाई निमूट उभ्या राहिल्या.

“समितीत मी सांगतो,” तात्या म्हणाला. “जाऊ दे नोकरी.”

“आधी बाटली भरून द्या,” आत्या म्हणाली. “सांगणं कुणीही उडवून लावेल. आकडे उडवता येत नाहीत. आणि हवी तर शीळ मी घालते.”

इतक्या दुःखातही तात्या हसला.

६

तात्याची बाटली आणि कोपऱ्यात फरशीच्या फटीत अडकून राहिलेल्या जुन्या पेंढ्याच्या चार काड्या त्याच संध्याकाळी प्रयोगशाळेत गेल्या. शुक्रवारी अहवाल आला. तिन्हीकडे तेच : मूळ औषध जेमतेम, पहिलं रूप भरपूर, दुसरं नाही. जणू एकाच कार्यालयाच्या एकाच टेबलावरून सुटलेले तीन कागद.

शनिवारी अकराला समिती बसली. आत्याने फळा मागितला, आणि वीस मिनिटांत अध्यक्षांसह सात जणांना यकृताच्या प्रेमात पाडलं. ट्रेनरनी एकदाच तोंड उघडलं.

“पण घोडी औषधाच्या जोरावर जिंकली की नाही?”

“एवढ्याशा औषधाने उंदराचाही गुडघा दुखायचा थांबणार नाही,” आत्या म्हणाली. “यंत्राला दिसलं, घोडीला कळलंही नाही. ती जिंकली स्वतःच्या पायांवर. आणि ते पाय ज्याने ती शिंगरू असल्यापासून रोज चोळले, त्याला तुम्ही गुडघ्यावरून काढणार असाल तर खुशाल काढा. मग तिला खाऊ कोण घालतं ते बघायला मी मुद्दाम येईन.”

ट्रेनरनी घोडीचा विचार केला. मग शर्यतींचा केला. मग मान डोलावली.

“आणि ती सहावी कुपी?” अध्यक्षांनी विचारलं.

आत्या डॉक्टरीणबाईंकडे वळली. “खरंच फुटली?”

“खरंच फुटली, मॅडम. नोंद राहिली.”

“म्हणूनच दोनदा नापास केलं होतं. उत्तर बरोबर, पायऱ्या लिहायच्या नाहीत.” पण ती हसत होती, आणि दहा वर्षांत पहिल्यांदा डॉक्टरीणबाईंचे डोळे लोकांसमोर भरून आले.

“मग दोषी कोण?” अध्यक्ष म्हणाले. “इतिवृत्तात काहीतरी लिहावं लागेल.”

सगळ्यांनी तात्याकडे पाहिलं. तात्या दाराशी उभा होता, हात जोडून, उजव्या पायावर भार न देता.

चिटणीस रात्रभर या प्रश्नाची वाट पाहत होते. सव्वीस वर्षांत त्यांनी शेकडो इतिवृत्तं लिहिली होती आणि एकातही स्वतःचा उल्लेख येऊ दिला नव्हता. ते उभे राहिले. हातातल्या कागदावर अक्षर नेहमीसारखं टपोरं होतं.

“नियम क्रमांक चौदा,” त्यांनी वाचलं. “मसुदा आणि सही : चिटणीस. माणसाला चोवीस तास एका जागी उभं करताना तो माणूस आहे, हे विचारात घेतलं नाही. तात्यांनी नियम मोडला नाही, तंतोतंत पाळला. त्यातूनच हे घडलं. दोष माझा.”

आत्याने पिशवीतून रुमाल काढला, चष्मा पुसला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली, “शाब्बास, बाब्या.”

या वेळी त्यांना त्या नावाचं काही वाटलं नाही.

परवाना राहिला. चषक राहिला. तात्याही राहिला, फक्त आता गोळ्या माणसांच्या डॉक्टरकडून घेतो, आणि राखणीच्या दिवशी त्यांना हात लावत नाही. राखणीला जोडीदार मिळतो. शेवटच्या ठाणापासून आठ पावलांवर मंडळाने एक नवा, पांढराशुभ्र संडास बांधला. चिटणिसांनी जागेवर उभं राहून अंतर स्वतः मोजून घेतलं.

मोतद्दारांनी त्याला चिटणिसांचंच नाव दिलं. त्यांना हे महिनाभराने कळलं, राखणीची वही तपासताना. तात्याच्या पानावर सहीशेजारी, सावकाश, खऱ्या अक्षरात नोंद होती : ‘चिटणिसांकडे जाऊन आलो. चार मिनिटे.’

त्यांनी ती नोंद दोनदा वाचली. मग घड्याळ पाहिलं आणि शिक्का मारला.